बेलसरेबाईंचा ठसका

ठसका ओसरला, तशा बेलसरेबाई चांगल्या हातानं डोळे पुसत म्हणाल्या, "आला बघ मालन. ट्रंक कॉल."

मी त्यांच्या टाळूवर दोन थापट्या मारल्या आणि चोचीच्या कपानं त्यांना दोन घोट पाणी पाजलं. पाण्यावर आणखी एक ठसका लागला.

"हा पण तिथूनच," मी म्हणाले. "शिरीषदादा जेवायला बसले असतील. आईच्या हातची आमटी आठवली असेल."

"एक वाजताच जेवतो तो. वेळ बरोबर साधली."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून भाताची शितं ओघळत होती आणि चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा फुललेला. मी त्यांचं तोंड पुसलं आणि पुढच्या खाटेकडं वळले. माझे अजून सात जण जेवायचे होते.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. कऱ्हाडच्या बाहेर, विट्याच्या रस्त्याला, म्हाताऱ्या माणसांना ठेवायचं एक केंद्र होतं. नाव नाही सांगत, सांगून आता काय उपयोग. वृद्धाश्रम म्हटलेलं मालकांना चालायचं नाही, पाटीवर केअर सेंटर असं लिहिलेलं. चालती-फिरती माणसं वरच्या मजल्यावर, आणि ज्यांचं सगळं अंथरुणातच, ती खालच्या हॉलमध्ये. खालचा हॉल माझ्याकडं आणि वंदनाकडं. आम्हाला तिथं मावशी म्हणायचे, म्हणजे आया. अंघोळ घालायची, कपडे बदलायचे, कूस वळवायची, भरवायचं.

भरवण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. बारा माणसं पाऊण तासात. चमचा ओठाला कुठं टेकवला की तोंड आपसूक उघडतं, कोणाच्या गालाला बोट लावलं की घास खाली उतरतो, कोणाला पाण्याचा घोट देऊन ढकलावा लागतो, सगळं मला पाठ. वंदनाची दोन माणसं होईपर्यंत माझी चार उरकलेली असायची. आमचे मॅनेजर देशमाने साहेब चौकशीला आलेल्या लोकांना हॉलच्या दारात उभं करून मला दाखवायचे, की ह्या आमच्या मालनबाई, बघा कशा करतात. मग मी पण जरा जास्तच चपळाई करायची. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

माणसाला बसवून भरवायचं असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. खाटा चांगल्या होत्या. पायथ्याला हॅण्डल लावून फिरवलं की डोक्याकडची बाजू वर उठायची. पण हॅण्डलं येता-जाता नडग्यांना लागतात म्हणून काढून ठेवलेली, त्यातली हरवत हरवत अख्ख्या हॉलला एकच उरलेलं, आणि ते स्टोअरच्या कपाटात. ते आणा, लावा, फिरवा, माणूस खाली घसरलं की काखेत हात घालून वर ओढा, परत फिरवा. तेवढ्यात दोघांचं जेवण होतं. दोन वाजता साहेबांना हॉल झाडून-पुसून लख्ख लागायचा, कारण तीनला नातेवाईक भेटायला यायचे. मग आम्ही एक उशी वाढवायचो आणि आडवंच भरवायचो. जी बाई आमच्या आधी होती ती तसंच करायची, आणि आमच्याकडं बघून नवीन येणारी पण तसंच शिकायची.

बेलसरेबाई सातारच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या. लकव्यानं डावं अंग गेलेलं, बोलणं थोडं जड, पण डोकं लख्ख. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं की आजी म्हणायचं नाही. "एक्स्चेंजमध्ये मला सगळे बाई म्हणायचे. तूही बाईच म्हण." अंग पुसताना त्या मला जुन्या गोष्टी सांगायच्या. मुंबईला बोलायचं म्हणून लोक सकाळी ट्रंक कॉल लावून संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहायचे. लाइन लागली की बाई दोन्ही बाजूंना जोडून द्यायच्या आणि तीन मिनिटांनी आठवण करून द्यायच्या. कोणी मेल्याचा निरोप असला तर त्या मिनिटं मोजायच्या नाहीत म्हणे.

त्यांचा मुलगा शिरीष बंगळूरला मोठ्या कंपनीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याचा ऑफिसात फोन यायचा. मी बाईंना चाकाच्या खुर्चीतून न्यायची. आई कशी आहेस, बरी आहे, तू जेवतोस ना, जेवतो. एवढंच बोलणं. बाई मुलाला कधी नावं ठेवायच्या नाहीत. बाकीचे दिवस त्यांचा भरवसा ठसक्यावर होता. ठसका लागला की कोणीतरी आठवण काढली, हे आपल्यात कोण म्हणत नाही? माझी आई म्हणायची, मी म्हणते. बाईंना सकाळच्या चहाला ठसका लागायचा, दुपारी आमटीला लागायचा, रात्री दुधाला लागायचा. प्रत्येक ठसक्याला मी शिरीषदादांचं नाव घ्यायची आणि त्या खूश व्हायच्या. मला वाटायचं, चला, आपल्या जिभेला काय लागतं, तेवढंच म्हातारीला बरं वाटतंय.

साळवे सिस्टर दिवाळी झाल्यावर आल्या. नगरकडच्या होत्या, तिशीच्या आतल्या, बारीक चणीच्या. आधीची नर्स औषधाच्या गोळ्या वाटून टीव्हीपुढं बसायची. ह्या जेवणाच्या वेळेला हॉलमध्ये येऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी बाईंना ठसका लागला, मी टाळूवर थापटलं, नेहमीचं बोलले, बाई हसल्या. सिस्टर जवळ आल्या आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, "मावशी, ही कोणाची आठवण नाही. घास श्वासनळीत चाललाय त्यांच्या."

"सिस्टर, नऊ वर्षं भरवतेय मी," मी म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला ठसका लागतोच."

त्यांनी वाद घातला नाही. खिशातली बॅटरी काढली, बाईंना तोंड उघडायला लावलं आणि मला आत बघायला सांगितलं. डाव्या गालाच्या आत सकाळचे पोहे होते. जिभेवर पांढरा थर. मी मान वळवली, तर त्यांनी मला परत बघायला लावलं. लकव्यामुळं त्या बाजूचं त्यांना कळतच नाही, सिस्टर म्हणाल्या, तिथं अन्न कुजतं, आणि आडवं असताना ते थेंबाथेंबानं छातीत उतरतं. मग त्यांनी विचारलं, "मागच्या थंडीत ह्या हॉलमधली किती माणसं गेली?"

"तीन."

"कशानं?"

"न्यूमोनिया झाला. वय झालं होतं सिस्टर त्यांचं."

"वरच्या मजल्यावरच्यांचंही वय झालंय. वर कोण गेलं?"

वर कोणी गेलं नव्हतं. मला चांगलंच झोंबलं. काल आलेली पोरगी मला सगळ्यांसमोर बोलते म्हणून मी दिवसभर आदळआपट करत होते. वंदनाला म्हणाले, चार दिवस नवी नवलाई आहे, मग हीच टीव्हीपुढं जाऊन बसेल.

पण ती बसली नाही. रोज एक वाजता स्वतः स्टोअरमधून हॅण्डल आणायची आणि एकेक खाट उठवायची. हनुवटी छातीकडं, अर्धाच चमचा, घशाची हालचाल दिसली की मगच पुढचा घास. आमटी पातळ नको, भातात कालवून दाटसर. जेवण झाल्यावर अर्धा तास कोणाला आडवं करायचं नाही. दोन वेळा दात, जीभ, गाल कापडानं पुसायचे. मला सगळं करायला लावलं. मी तोंड वाकडं करून केलं, पण केलं. दोन वाजता हॉल तयार होईना, साहेब दोनदा येऊन घड्याळाकडं बघून गेले. सिस्टरांनी त्यांच्याकडं आणखी हॅण्डलं आणि आणखी एक मावशी मागितली. साहेब बघू म्हणाले.

आठवड्याभरात फरक पडला, हे मी नाकारणार नाही. पहाटे हॉलमध्ये शिरलं की चार-पाच छात्यांची घरघर ऐकू यायची, ती कमी झाली. कोपऱ्यातले एक आजोबा रोज खोकून हैराण असायचे, ते शांत झोपायला लागले. बेलसरेबाईंचा ठसका तर बंदच झाला.

मी मनातून हरखले होते. सिस्टरांना तसं म्हणाले नाही, माझाही ताठा होता. पण बाईंकडं बघून वाटायचं की हे आपण केलं.

मग एक दिवस बाईंनी विचारलं, "मालन, लाइन डेड झाली का गं?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा मी हसण्यावारी नेलं, शिरीषदादा कामात असतील म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं नाही आणि चार घासांवर तोंड मिटून घेतलं. रोजचं जेवण निम्म्यावर आलं. दुपारी त्या भिंतीकडं तोंड करून पडायच्या. जुन्या गोष्टी बंद झाल्या. मी त्यांना समजावलं, सिस्टरांनी मला सांगितलं होतं ते सगळं जसंच्या तसं सांगितलं, की ठसका म्हणजे आठवण नाही, घास चुकून छातीत जातो.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "शिकलेली मुलगी आहे," त्या म्हणाल्या, "ती म्हणते ते बरोबरच असेल. पण मालन, महिन्यातून एक फोन येतो मला. तोही तीन मिनिटं पुरत नाही. मधले दिवस मी काय करू?"

मी सिस्टरांना सांगितलं, बाई जेवत नाहीत. सिस्टर बराच वेळ त्यांच्या खाटेवर बसल्या, त्यांना बोलतं केलं, एक्स्चेंजच्या गोष्टी विचारल्या. त्या दिवशी बाई दोन घास जास्त जेवल्या. उठताना सिस्टर मला म्हणाल्या, "ह्यांच्या मुलाशी बोलायला पाहिजे." पुढं काय झालं ते मला त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

डिसेंबरच्या एका सोमवारी सिस्टर कामावर आल्या नाहीत. साहेबांनी सांगितलं की त्यांना काढलं, इथं जमण्यासारखी ती नव्हती. नवीन नर्स येईपर्यंत गोळ्या मी वाटायच्या असं ठरलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या दुपारी हॅण्डल आणायला स्टोअरकडं कोणी गेलं नाही, आणि पावणेदोनला हॉल पुसून झाला होता. साहेब येऊन बघून गेले आणि खूश झाले.

बेलसरेबाईंना मात्र मी त्या दिवशी पण बसवलं होतं. पाठीला तीन उशा लावून, माझ्या खांद्याचा टेका देऊन. त्यांनी पहिला घास गिळला आणि म्हणाल्या, "सिस्टर गेली ना?"

"गेल्या."

"मग मला आडवंच भरव. पहिल्यासारखं."

मी म्हणाले, "बाई, तुम्हाला सांगितलंय ना मी."

"सांगितलंस. मला कळलंय ते. तरी भरव."

मी इकडं-तिकडं बघितलं. वंदना पाठमोरी होती. माझे आणखी नऊ जण वाट बघत होते. मी दोन उशा काढून घेतल्या, बाईंना टेकवलं आणि पातळ आमटीचा चमचा तोंडात दिला. तिसऱ्या चमच्याला ठसका लागला. बाई लालबुंद झाल्या, हातानं चादर घट्ट धरली, आणि श्वास परत आल्यावर माझ्याकडं बघून असं हसल्या, की मी त्यांच्या टाळूवर थापटलं आणि म्हणाले, "शिरीषदादा."

त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. मी स्वतःला सांगितलं, जेवत नव्हती त्यापेक्षा बरं. तीन आठवडे असंच चाललं.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात बाईंना ताप भरला. साहेब म्हणाले, थंडीचं होतं, तापाची गोळी द्या. मी गोळी पूड करून पाण्यातून पाजली. तीही आडवंच. दुसऱ्या दिवशी श्वास भराभर चालायला लागला. मी साहेबांना दवाखान्यात न्यायचं का विचारलं, तर मुलाला विचारल्याशिवाय नेता येत नाही म्हणाले, आणि मुलगा मीटिंगमध्ये होता. तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंचे ओठ निळसर दिसले तेव्हा कुठं गाडी बोलावली. गाडीत बाईंचं डोकं माझ्या मांडीवर. साहेब पुढं ड्रायव्हरजवळ बसलेले. ते मागं वळून मला म्हणाले, "डॉक्टरांनी विचारलं तर बसवून भरवतो म्हणायचं. जास्त काही बोलायचं नाही. कळलं ना मालनबाई?"

हॉस्पिटलमध्ये बाईंना ऑक्सिजनचा मास्क लावला. डॉक्टर तरुण होते, चेहऱ्यावर जागरण दिसत होतं. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला, उजव्या बाजूला खाली पांढरं झालेलं बोटानं दाखवलं आणि आमच्याकडं वळले.

"जेवताना ठसका लागतो का ह्यांना? पाणी पिताना?"

साहेब माझ्या शेजारीच उभे होते. बाई जाग्या होत्या. मास्कच्या वरून त्यांचे डोळे माझ्याकडंच लागलेले.

"नाही," मी म्हणाले.

"कसं भरवता?"

"बसवून."

"नक्की? ठसका लागत असला तर नाकातून नळी घालावी लागेल. छाती निवळेपर्यंत तोंडानं काही देता येणार नाही."

ती नळी मला माहीत होती. आमच्या हॉलमध्ये एका काकांना होती. अन्न थेट पोटात जातं, छातीत जायचा प्रश्नच येत नाही. मला एवढंच म्हणायचं होतं, की हो डॉक्टर, लागतो, रोज लागतो. साहेबांसमोर म्हणायची भीती होती, ती तर होतीच. पण खरं सांगते, साहेब नसते तरी मी बोलले असते का, मला माहीत नाही. लागतो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुम्ही काय करत होता.

"नक्की," मी म्हणाले.

डॉक्टरांनी कागदावर तसं लिहिलं.

साहेब मला बाईंजवळ ठेवून परत गेले. दोन दिवसांत इंजेक्शनांनी ताप उतरला. बाईंनी डोळे उघडून माझं बोट धरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले, छाती तपासली, मला म्हणाले, मावशी, आता थोडी पेज सुरू करा, तुमच्या हातची सवय आहे त्यांना.

मी खाट पूर्ण उठवली. बाईंच्या दोन्ही बाजूंना उशा लावल्या. तोंड कापडानं आतून स्वच्छ पुसलं, डावा गाल दोनदा पुसला. हनुवटी खाली घेतली. पेज दाटसर होती ती आणखी दाट होईपर्यंत थांबले. अर्धा चमचा द्यायचा, घसा हललेला बघायचा, मग पुढचा. साळवे सिस्टरांनी सांगितलेलं एक पण सोडलं नाही. उभ्या आयुष्यात मी कोणाला इतकं सावकाश भरवलं नव्हतं. बारा चमचे गेले आणि एकदासुद्धा ठसका लागला नाही. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. बाईंचा हात धरून मी म्हणाले, बघा, कसं छान गेलं. बाई दमल्या होत्या. दुपारी पण तशीच पेज दिली, तेव्हाही काही झालं नाही.

संध्याकाळी त्यांना थंडी वाजून ताप आला आणि श्वास परत वर लागला. डॉक्टर धावत आले, नवा एक्स-रे काढला. आता डावी बाजूही भरली होती. त्यांनी मला विचारलं, पेज देताना काय झालं. मी म्हणाले, काहीच नाही, एकदाही ठसका लागला नाही. ते म्हणाले, "अंगात ताकद उरली नसली की ठसकाही लागत नाही, मावशी. तसंच आत जातं. आधी लागत होता का?"

मी मान खाली घातली. ते समजले असावेत. लगेच नळी मागवली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी बाई गेल्या.

शिरीषदादा बंगळूरहून आले ते सगळं आटोपायलाच. पाचव्या दिवशी बाईंची पिशवी न्यायला केंद्रावर आले. पन्नाशीचे, कपाळ बाईंसारखंच रुंद. मी पिशवी बाहेर बाकावर आणून दिली. दोन साड्या, चष्मा, एक जुना फोटो एक्स्चेंजमधल्या बायकांचा. ते म्हणाले, आई फोनवर नेहमी तुमचं नाव घ्यायची, तुम्ही तिला शेवटपर्यंत आपल्या हातानं जेवू घातलंत. असं म्हणून ते माझ्या पाया पडायला वाकले.

माझ्यानं राहवलं नाही. मी त्यांना धरून बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. आडवं भरवायचे ते, ठसका लागला की तुमचं नाव घ्यायचे ते, सिस्टरांनी दाखवलेलं, परत पहिल्यासारखं केलेलं, आणि डॉक्टरांशी खोटं बोललेलं. काही म्हणून ठेवलं नाही. मला वाटलं, आता हा माणूस मला मारेल. मारावं असंच वाटत होतं.

ते पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसले. मग म्हणाले, "साळवे सिस्टरांचा मला फोन आला होता."

"कधी?"

"डिसेंबरात. दोनदा. म्हणाल्या, आईच्या गिळण्याची तपासणी करायला पाहिजे, इथं माणसं पुरत नाहीत, तुम्ही एकदा येऊन बघा. तुमच्या आई तुमची फार वाट बघतात असंही म्हणाल्या." त्यांनी घसा साफ केला. "मी ऑफिसात होतो. मला त्याचा राग आला. वाटलं, ही कोण मला शिकवणार. मी देशमान्यांना फोन केला. म्हटलं, तुमच्या नर्सेस नातेवाइकांना परस्पर फोन करून घाबरवतात, हे बरं नाही."

"वार कोणता होता दादा?"

"शनिवार असेल. सुट्टीचा आदला दिवस होता."

सोमवारी सिस्टर आल्या नव्हत्या. आत हॉलमध्ये वंदना कोणाला तरी दटावत होती. शिरीषदादा उठले. मला म्हणाले, "मावशी, हे आणखी कोणाला सांगितलंय तुम्ही?"

"नाही."

"मग आपल्या दोघांतच राहू दे."

मी बरं म्हणाले. माफी मागायला बसले होते, आणि द्यायला ती त्यांच्याकडं पण नव्हती. त्यांनी हात जोडले, मी जोडले, आणि ते पिशवी घेऊन गाडीकडं गेले.

बाईंच्या खाटेवर दहा दिवसांत उंब्रजच्या एक आजी आल्या. त्यांचंही लकव्याचंच होतं. मी त्यांना बसवून भरवलं, हनुवटी खाली, अर्धा चमचा, दोन वेळा तोंड पुसून. कोणाला हात लावू दिला नाही. होळीपर्यंत मी हे नेमानं केलं. होळीला वंदना काम सोडून गेली, तिची पाच माणसं माझ्याकडं आली, आणि त्या आठवड्यात मी आजींच्या पाठीमागच्या दोन उशा काढून घेतल्या. ह्या खेपेला मला आडवं भरव असं कोणी म्हणालं नव्हतं.